बार उलटा ठेवणारा हात

ज्या माणसानं माझी उडी चोरली तो मला दहा वर्षांनी सापडला. एका अर्जाच्या तळाशी, सहीच्या रूपात.

अर्ज आमच्या विद्यापीठाच्या क्रीडा शिष्यवृत्तीसाठी होता. दुबईतल्या या विद्यापीठात मी खेळविज्ञान शिकवते. समितीवर मला घेतलं होतं, कारण बाकी सदस्यांपैकी कुणी आयुष्यात घाम येईपर्यंत काही खेळलेलं नव्हतं. अर्जदार सतरा वर्षांची मुलगी, दुबईच्या करामा भागात राहणारी, आडनाव मराठी. सोबत तिच्या अकॅडमीचं पत्र: उंच उडी, एक मीटर बहात्तर सेंटिमीटर. आमची अट एक सत्तरची. म्हणजे काम झाल्यात जमा होतं. आणि त्या आकड्याखाली ती सही. पहिलं अक्षर हत्तीएवढं, शेवटच्या अक्षराची शेपूट कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली. ती मी याआधी एका निवड यादीखाली पाहिली होती. त्या यादीत माझं नाव नव्हतं.

मी फाइल बंद केली, पुन्हा उघडली. मला आनंद झाला. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे, आई त्यांच्या घड्या घालायची, आणि मी वडिलांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून ती वाटायला जायचे. घरात अंकलिपी आली त्याच्या आधी मला ‘आमच्या मागण्या’ हे दोन शब्द वाचता येत होते. आमच्याकडे अन्याय झाला की माणूस रडत बसत नसे, कलमं पाडत असे. शेजारच्या पोरानं माझी पेन्सिल घेतली तरी वडील म्हणायचे, “लिहून आण. कधी, कुठे, कुणी, साक्षीदार कोण.”

उंच उडी मला शाळेत सापडली, वाळूच्या खड्ड्यावर दोन पोरांनी धरलेल्या बांबूवरून. मला ती आवडली ती तिच्या सरळपणामुळे. बार पडतो किंवा राहतो. त्यात ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, असं मला वाटायचं. त्या विश्वासावर मी राज्याच्या संघात गेले, मग देशाच्या. दोनदा देशाची जर्सी घालून परदेशात उडी मारली. पदक मिळालं नाही, पण दुसऱ्या खेपेला मी माझी सगळ्यात मोठी उडी मारली, आणि तिसऱ्या स्पर्धेसाठी मी तयार होते.

पुढचं समजायला एक गोष्ट सांगायला हवी. उंच उडीचा बार लांबून सरळ दिसतो, पण चार मीटरची ती काठी वापरून वापरून वाकते. मधोमध थोडा बाक येतो. म्हणून तिच्या एका टोकाला खूण करतात, आणि बार पडला की खुणेची बाजू वर ठेवूनच परत लावतात. तसा लावला की बाक खाली राहतो आणि पंचांनी मधोमध मोजलेली उंची खरी ठरते. उलटा लावला की तोच बाक वर येतो. धावत येणाऱ्या खेळाडूला ते कळत नाही. पण बार मधोमध दोनेक सेंटिमीटर वर चढलेला असतो, आणि उंच उडीत दोन सेंटिमीटर म्हणजे दोन वर्षांचा सराव.

त्या निवड चाचणीत शेवटी आम्ही दोघीच उरलो होतो. मी आणि सरांची स्वतःची शिष्या. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. ते संघाचे मॅनेजर होते, आणि त्या दिवशी बारजवळही तेच उभे होते. एक ऐंशीवर माझे तीनही प्रयत्न गेले. तिन्ही वेळा टाच घासली, नुसती घासली. तिसऱ्या वेळी गादीवर पडल्या पडल्या मी मान वळवली. सरांनी पडलेला बार उचलला, अंगठ्यानं टोक चाचपलं, आणि मनगट फिरवून तो ठेवला. खूण वर आली. म्हणजे इतका वेळ ती खाली होती.

त्यांची शिष्या दुसऱ्या प्रयत्नात पार गेली.

तक्रार निकालानंतर तीस मिनिटांत लेखी द्यायची असते आणि तिच्यावर मॅनेजरची सही लागते. मी खेळाडूंच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर सात कलमं लिहिली आणि मॅनेजरकडे, म्हणजे सरांकडेच, घेऊन गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि त्यानं वारा घेत म्हणाले, “बेटा, छान लिहितेस गं. याच लाइनला जा.”

मी त्याच लाइनला गेले.

पुढचा हंगाम कसाबसा खेळले, पण बारकडे धावताना माझी नजर खुणेकडे जायची, आणि धावताना जिची नजर भलतीकडे जाते तिची उडी संपलेली असते. मी शिकायला लागले. पीएचडीसाठी विषय घेऊन गेले: उंच उडीत मोजण्याच्या चुका. माझ्या गाइड मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “तुझ्या बाबतीत काय झालंय ते मला माहीत आहे. पण रागावर पीएचडी होत नाही.”

“होते, मॅडम. पाच वर्षं पुरेल असं दुसरं काही माझ्याकडे नाहीच.”

मी गावोगावची मैदानं फिरले. जुने बार टांगले, मोजले, उलटे करून पुन्हा मोजले. माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण पूर्ण त्या माणसाबद्दल आहे, त्यात त्याचं नाव नाही एवढंच. परीक्षकांनी त्याला काटेकोर म्हटलं. काटेकोर! मी दात खाऊन लिहिलं होतं ते.

मग इथली नोकरी आली आणि मी करामात एका खोलीत राहायला लागले. माझी रूममेट वसईची, एका हॉटेलात फ्रंट डेस्कला. त्या संध्याकाळी मी तिला अर्जाबद्दल सांगितलं तेव्हा ती आरशासमोर अंबाड्याला पिना लावत होती.

“मग आता काय गो, जीव घेणार त्याचा?”

“नाही. मोजणार.”

तिनं तोंडातली पिन काढली. “बाप रे. त्यापेक्षा जीव घे.”

समितीला मी रीतसर लिहिलं की अकॅडमीच्या पत्रावर विसंबण्याऐवजी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी, आणि ती मी घेईन. सर माझ्या ओळखीचे आहेत हे मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. पत्रकांत वाढलेल्या मुलीला कुठलं कलम गाळलं की फायदा होतो हेही कळतं.

अकॅडमी अल नहदामधल्या एका शाळेचं मैदान वापरायची. मी पाच वाजता पोचले. चारही बाजूंनी टॉवर, त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, मध्ये मैदान. सर पांढऱ्या ट्रॅकसूटमध्ये होते. पोट सुटलं होतं, केस काळेभोर केले होते. मी दहा वर्षं या क्षणाची तालीम केली होती. ते मला बघून दचकतील, नजर चुकवतील, घाम पुसतील.

“या या या, डॉक्टर मॅडम!” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “कुठल्या आपण?”

“इचलकरंजी.”

“अरे, म्हणजे आपल्याच की! मग काय, यल्ला, चला, चहा घेऊ आधी.”

त्यांनी मला ओळखलंच नाही. मी हे कधी धरलंच नव्हतं. मी त्या माणसावर एक प्रबंध लिहिला होता, आणि त्याच्या आठवणीत मी कुठेच नव्हते.

मुलीची आई करामात डबे करून देते. ती थर्मास आणि कोथिंबीर वडीचा डबा घेऊनच आली होती. “मॅडम, घ्या ना, घरची आहे. इथे कोथिंबीर तशी मिळत नाही, पण चालवून घेतो.” मुलगी लांब जाळीशी स्ट्रेचिंग करत होती. उंच, सडपातळ, कानात इअरफोन. शाळेचे पी. टी. चे सर, केरळचे, साक्षीदार म्हणून खुर्ची घेऊन बसले होते.

मी बार हातात घेतला. जुना होता, चांगलाच वाकलेला. टोकं बघितली.

“खूण कुठाय याच्यावर?”

“खूण कसली?” सर म्हणाले, आणि मग त्यांना हसू फुटलं. “हां, ती! मॅडम, तुम्ही पुस्तकातल्या. ती खूण म्हणजे एक गंमतच असते. सांगू का?” त्यांनी वडी तोंडात टाकली. मुलीची आई कौतुकानं ऐकायला सरसावली. “बार कधी कधी उलटा बसतो बघा. माणूसच ठेवतो शेवटी. आता उडी मारणारी आपली असली तर आपण बघून सुलटा करतो. दुसऱ्याची असली तर...” त्यांनी आकाशाकडे बोट केलं. “इन्शाल्ला!”

आई हसली. पी. टी. सरांना मराठी कळत नव्हतं, तेही हसले.

“एकदा एका पोरीनं पकडलं मला. काय सांगू, पोरगी होती का वकील! सात कलमी तक्रार लिहून आणली. सात कलमी! वाटलं, मिलमध्ये संप करतेय. मी म्हटलं, बाई, तू उड्या सोड, मोर्चे काढ.”

“मग? काय झालं तिचं?” आईनं विचारलं.

“काय होणार. खलास. कुठे असेल, पोळ्या लाटत असेल.”

आईनं मला अजून एक वडी दिली. मी ती खाल्ली. तिची चव मला आजही सांगता येईल.

त्या आधीपर्यंत, खरं सांगते, माझ्या मनात एक बारीक शंका होती. मला तेव्हा भास झाला असेल, त्यांचा हात नुसता चुकला असेल. दहा वर्षं ती शंका मला खात होती, कारण ती खरी असती तर माझा सगळा राग फुकट गेला असता. आता ती गेली. त्यांनी स्वतः सांगितलं होतं, हसत हसत, मुलीच्या आईसमोर. मी पेननं बारच्या एका टोकाला ठळक रेघ मारली.

आधी मी त्यांचा एक बहात्तरचा आकडा तपासला. सर उंची स्टँडवर लिहिलेल्या आकड्यावरून घ्यायचे. मी पोलादी टेप मधोमध लावला. बारचा बाक आणि मैदानाचा उतार धरून खरी उंची एक एकोणसत्तर भरली.

“स्टँडवर आकडा आहे ना, मॅडम,” सर म्हणाले. त्यांचा आवाज अजून गोड होता, पण हात खिशात गेले होते.

“उंची मधोमध मोजतात, सर. तुम्ही बारजवळ उभे राहायचात म्हणता.”

मुलीनं कानातले इअरफोन काढले. “वेट. सो माझी वन सेव्हंटी टू...?”

“आता बघू,” मी म्हणाले. “आज जे होईल ते खरं.”

चाचणी सुरू झाली. प्रत्येक उडीचं चित्रण करायला मी कॅमेरा लावला, स्टँड सरकवले, बार मीच ठेवत होते, मीच मोजत होते. पी. टी. सर आकडे लिहून घेत होते. मुलगी चांगली होती. सरांनी तिला नीट शिकवलं होतं, हेही लिहायला हवं. वळणावर तिचा वेग तुटत नव्हता. एक पासष्ट सहज. एक अडुसष्ट दुसऱ्या प्रयत्नात. मग एक सत्तर, जी तिला शिष्यवृत्तीसाठी हवी होती. पहिला प्रयत्न चुकला. तिची कंबर बारवर बसली आणि बार खाली आला.

“चलता है, चलता है, अजून दोन आहेत!” सर ओरडले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मॅडम, पोरगी मेहनती आहे. माझी बेस्ट स्टुडंट. हिचं झालं की तुमच्या युनिव्हर्सिटीशी आपलं टायअप पक्कं. बोलू आपण.”

माझी बेस्ट स्टुडंट. मी वाकून बार उचलला. अंगठ्याला टोकावरची रेघ लागत नव्हती, ती पेनची होती, पण मला ती दिसत होती. लख्ख दिसत होती. मी मनगट फिरवलं आणि बार ठेवला. रेघ खाली गेली.

माझा हात चुकला नाही. वारा नव्हता. मी ठरवून ठेवला.

मुलगी धावत आली. अशी उडी वर्षातून एखादीच लागते. पाय जमिनीवर टाकला तो आवाजच वेगळा होता. पाठ पार गेली, कंबर पार गेली, गुडघे गेले, आणि शेवटी टाच बारला नुसती घासली. बार थरथरला, जरा वेळ राहिला, आणि पडला.

ती गादीवर उताणी पडून दोन्ही हातांनी तोंड झाकून राहिली. तिची आई जाळीला धरून उभी होती. सर म्हणाले, “अरे, अरे, अरे! जरासं!” आणि त्या ‘जरासं’नं मला जाग आली. ते जरासं किती होतं हे त्या मैदानावर फक्त मला माहीत होतं. मी त्याच्यावर प्रबंध लिहिला होता.

“हा प्रयत्न धरायचा नाही,” मी पी. टी. सरांना हिंदीत म्हणाले. मग मराठीत, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “बार उलटा होता. मी ठेवला होता. मुद्दाम. हिची काही चूक नाही. हिला हा प्रयत्न परत मिळेल, आणि आता बार मी ठेवणार नाही.”

वरच्या एका गॅलरीत कुणीतरी गादी झटकत होतं, तो धप धप आवाज तेवढा येत राहिला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं. “तू?” ते म्हणाले.

“मी.”

“सात कलमं?”

“सात कलमं. आणि बघा, सर, असं थांबवता येतं. एवढंच करायचं असतं, तोंड उघडायचं. तेव्हाही आलं असतं.”

त्यांच्या गालावर मला हवा होता तो घाम आला. ऑक्टोबरची संध्याकाळ होती, इथे सगळ्यांनाच येतो, पण मी तो माझ्या नावावर धरला.

उरलेले दोन्ही प्रयत्न पी. टी. सरांनी बार ठेवून घेतले. मुलगी दोन्हीत चुकली, दुसऱ्यात तर बारपर्यंतही पोचली नाही. तशी उडी परत मागून मिळत नाही. कागदावर एक अडुसष्ट लागलं.

आई थर्मासचं झाकण लावत माझ्याजवळ आली. मघाचा आवाज आता नव्हता. “मॅडम, तुमचं आणि सरांचं काय असेल ते असेल. माझी पोर का घातलीत मधे?”

मी कॅमेरा उतरवून पिशवीत ठेवला.

मी तिथेच, मैदानाच्या कट्ट्यावर बसून अहवाल लिहिला. अकॅडमीच्या उंच्या मधोमध मोजलेल्या नाहीत, म्हणून तिचं कुठलंही पत्र यापुढे धरू नये. प्रशिक्षकांनी बार उलटा ठेवण्याची पद्धत स्वतःच्या तोंडानं मुलीच्या आईसमोर सांगितली. परीक्षकानं, म्हणजे मी, प्रशिक्षकाशी जुनं वैर असल्याचं समितीपासून लपवलं. परीक्षकानं मुद्दाम बार उलटा ठेवला. मुलीला दुसऱ्या परीक्षकासमोर नव्यानं संधी द्यावी. पी. टी. सरांनी साक्षीदार म्हणून सही केली. बार मुद्दाम उलटा ठेवल्याचं कलम वाचून त्यांनी मला हिंदीत विचारलं, “मॅडम, यह भी रखना है?” मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मी त्या उडीचं चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. बार सुलटा असता तर कुठे असता तिथे पडद्यावर रेघ ओढली. मुलीची टाच त्या रेघेवरून गेली होती. मध्ये बोट मावेल एवढी जागा होती. मी ते मोजून अहवालाला जोडलं.

समितीनं मला काढलं आणि लेखी ताकीद दिली. ती माझ्या फाइलमध्ये आहे, राहू दे. मुलीला पुन्हा चाचणीसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. आणि अकॅडमीचं पत्र बाद झाल्याची बातमी पालकांच्या ग्रुपवर गेली. एकेक आईबाप टेप घेऊन मैदानावर पोचले. जी मुलं स्टँडवरच्या आकड्यानं चॅम्पियन होती ती एका आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन सेंटिमीटरनं खाली आली. शाळेनं मैदान द्यायचं बंद केलं.

सरांचा फोन आला. मी घेतला. मला तो घ्यायचाच होता.

“झालं समाधान?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही.”

“बेटा, शेवटी तू पण तेच केलंस. मी केलं, तू केलंस. तू आणि मी एकच.”

“मी तीस मिनिटांत लेखी दिलं, सर. तुम्ही माझ्या लेखीनं वारा घेतला.”

“दहा वर्षं एवढं धरून ठेवतं का कुणी? माझं वय बघ. इथून आता मी कुठे जाऊ?”

“ते तुम्ही मला कधी विचारलं होतं का, मी कुठे जाऊ म्हणून?”

त्यांनी फोन ठेवला. मला वाईट वाटलं नाही. लोक म्हणतात की सूड घेतल्यावर पोकळ वाटतं. मला पोकळ वाटलं नाही, मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. मला जे खुपतं ते वेगळं आहे. त्या माणसाला मारायला मी जो दगड उचलला तो दगड नव्हता, एक सतरा वर्षांची मुलगी होती. सरांचं मी काही देणं लागत नाही, माफीसुद्धा नाही. तिचं लागते.

मी तिच्या आईला निरोप पाठवला की विद्यापीठाच्या मैदानावर रोज संध्याकाळी मी असते, सरावाला जागा आहे, बार नवा आहे, हवं तर मी तिथून निघून जाईन. उत्तर आलं नाही. दहा-बारा दिवस मी रोज गादीवरचं कव्हर काढायचे आणि अंधार पडायच्या आत घालायचे. रूममेट म्हणाली, “तू ना, रोज दुकान उघडून बसतेस, गिऱ्हाईक एक नाही.”

एका सोमवारी पार्किंगमध्ये ओळखीची व्हॅन थांबली, मागे डब्यांचे क्रेट असलेली. आई खाली उतरली नाही. तिनं इंजिनही बंद केलं नाही. मुलगी बॅग घेऊन आली आणि माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली.

“मला एक विचारायचंय,” ती म्हणाली. “ती उडी. दॅट वन. ती गेली असती?”

“हो.”

“नो, नीट सांगा.”

“बार मी सुलटा ठेवला असता तर तू एक सत्तर पार केली असतीस. माझ्याकडे चित्रण आहे. तुझी टाच वरून गेली होती. ती उडी मी घेतली तुझी.”

तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत. तिची मान मला माहीत होती. दहा वर्षांपूर्वी निवड चाचणीच्या मैदानावरून परतताना माझीही अशीच ताठ होती.

“आय हेट यू,” ती म्हणाली. “सरांना पण. त्यांनी दोन वर्षं मला खोटा आकडा सांगितला. पण तुम्हाला जास्त.”

“बरोबर आहे.”

“मी तुमच्याकडून सॉरी ऐकायला नाही आले.”

“मग?”

तिनं बॅग उघडून बूट काढले. “मम्मी म्हणाली, जिनं पाडलं तिच्याकडूनच शिक, तिला सगळं माहीत असणार. सहा आठवड्यांतले चार राहिलेत. तुम्ही बोलायचं नाही जास्त. टेक-ऑफला माझं काय चुकतं तेवढं सांगायचं. आणि माझी झाली ना वन सेव्हंटी टू, रिअलवाली, की मी तो व्हिडिओ सरांना पाठवणार, आणि तुम्हाला ब्लॉक करणार.”

मी तिला क्षमेबद्दल काही सांगितलं नाही. मला ती येत नाही, आणि जे येत नाही ते मी शिकवत नाही.

“शेवटून दुसऱ्या पावलाला तू खाली बसत नाहीस,” मी म्हणाले. “घाई करतेस. पुन्हा धाव, उडी मारू नकोस, नुसती धाव.”

ती पाठ फिरवून पावलं मोजत लांब गेली. व्हॅनचं इंजिन बंद झालं.